किती कमी केले?

नवी गाडी घेतली हे कळल्यापासून मैंदर्गीहून, सोलापुरातून आणि पुण्याच्या मावसभावांकडून मला एकच प्रश्न येतोय. किती कमी केले? मायलेज किती, रंग कोणता, हे कुणी विचारलंच नाही. आणि मंडळी, शोरूमवाल्यांचं पोट नेमकं याच प्रश्नावर भरतं असं माझं ठाम मत झालंय.

म्हणजे बघा. सोलापूरच्या ज्या शोरूममध्ये मी गेलो (नाव नको, इतरत्रही हेच चालतं) तिथे १५ हजारांची सूट मला फार आढेवेढे घेत मिळाली. मॅनेजर दोनदा आत जाऊन आला, पोरानं कॅल्क्युलेटर बडवला, चहा झाला. त्याच कोटेशनच्या तळाशी इन्शुरन्स, हँडलिंग चार्जेस, 'बेसिक किट' अशा रकमा गुपचूप बसल्या होत्या, आणि त्यांची बेरीज सुटीच्या दुपटीहून जास्त. बेसिक किट म्हणजे पायाखालच्या मॅट, मडफ्लॅप आणि एक परफ्यूमची बाटली!

हँडलिंग म्हणजे काय, तर गाडी गोडाऊनमधून शोरूमपर्यंत आणल्याचे पैसे. अहो, दुकानातला माल दुकानात आणायचा खर्च गिऱ्हाइकानं का द्यायचा? आमच्याकडचा शेतकरी दुधनीच्या अडतीत तूर घालतो तेव्हा हमाली, तोलाई त्याच्याच पट्टीतून कापतात. विकताना हमाली आमची, घेतानाही आमचीच.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे तो. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळीकडे सारखाच. खरा फरक आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात पडतो, आणि तो कुठूनही घ्यायला आपण मोकळे असतो. मी बाहेर विचारलं, तेच कव्हर ९ हजारांनी स्वस्त. "पण सर, मग कॅशलेस मिळणार नाही," पोरगा म्हणाला. कॅशलेस मिळणं विमा कंपनीच्या आणि वर्कशॉपच्या करारावर असतं, पॉलिसी कुणी विकली त्यावर नसतं. हे सांगितल्यावर मॅनेजर तिसऱ्यांदा आत गेला.

आरटीओच्या टॅक्सवर मी वाद घातला नाही. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, ते द्यायचेच.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, शोरूममध्ये फार घासाघीस बरी दिसत नाही. हेच लोक गड्ड्याच्या यात्रेत बैलासाठी अर्धा दिवस उपरण्याखाली बोटं धरून बसायचे! तिथे भाव बघ्यांपासून लपवायचा असे, पण उपरण्याखालच्या दोघांत आकडा एकच असे. शेपटाचे वेगळे, खुरांचे वेगळे असं कुणी लावत नसे. शोरूममध्ये उलटं आहे. भाव भिंतीवर लटकवलेला, आणि खरा आकडा उपरण्याखाली.

आपला हा संकोच जुना आहे. पद्मिनीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हाही तेच झालं. गाडी लवकर हवी तर वर 'ऑन' द्यायचा. विकणारा उपकार करतोय ही भावना तेव्हाची. आता गाड्या यार्डात धूळ खात उभ्या असतात, तरी आपले हात जोडलेलेच.

आणि मुहूर्त! "डिलिव्हरी पाडव्याला हवी का सर?" हे तो सगळ्यात आधी विचारतो. हो म्हटलंत की तुम्ही बांधले गेलात, कारण त्या दिवशी गाडी हवीच हे त्याला कळलं. डिसेंबरात मात्र तोच मागे लागतो, जानेवारी उजाडला की यार्डातली गाडी कागदावर एक वर्षानं जुनी होते ना. मी डिसेंबरातल्या एका साध्या मंगळवारी गाडी आणली. आत्या अजून बोलत नाही. पूजा अक्कलकोटला स्वामींच्या दारात झाली, ते तरी बरं.

हँडलिंगची ओळ शेवटी त्यांनी खोडली, किटही काढलं. एक्स्टेंडेड वॉरंटी मी ठेवली, ती मला हवी होती.

असो. मामा येत्या दसऱ्याला गाडी घेताहेत असं कळलं. मामा, सूट किती ते सांगू नका. सगळ्या ओळींचं कोटेशन पाठवा, आणि टोकन भरायच्या आधी पाठवा.