घरातील दुष्फेन पाणी : यंत्राची निवड

साबणाला फेस न येणे व पातेल्याच्या तळाशी पांढरे कीटण साचणे, ही दुष्फेन पाण्याची लक्षणे होत. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे विरघळलेले क्षार हे त्याचे कारण. परंतु लक्षण दिसताच यंत्र विकत घेणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम पाण्याची तपासणी करवून घ्यावी. २०१२ च्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात, कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत क्षम्य. ती बायकार्बोनेटांमुळे असेल, तर उकळल्याने बरीचशी जाते.

यंत्रातील राळेचे मणी हे क्षारघटक धरून ठेवतात व मोबदल्यात सोडियम सोडतात. दर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम. यास्तव पिण्याचा व बागेचा नळ यंत्राबाहेर ठेवावा. स्नान, धुणे व पाणी तापविणे यांपुरतेच ते पुरे. मणी पुन्हा कार्यक्षम करण्यास मिठाचे पाणी लागते, आणि ते अखेर बाहेरच सोडावे लागते. म्हणून मीठ कमी खाणारे यंत्रच निवडावे. एका घराच्या साबणाची बचत शेजारच्या विहिरीच्या गोडव्यातून होऊ नये.