मामांची पाणगाडी

माणसाला छंद असावा, पण तो घरात मावेल एवढाच असावा, असे माझे नम्र मत आहे. पोस्टाची तिकिटे जमवावीत, जुनी नाणी जमवावीत, फार तर सतार छेडावी. आमच्या मामांचे मत निराळे आहे. त्यांना हवा आहे ३१ फूट लांब, ८ फूट रुंद आणि रिकामाच सहा टनांच्या घरात जाणारा एक जुना लष्करी ट्रक. तोही साधासुधा नव्हे. रस्त्यावरून धावता धावता नदीत उतरावा आणि होडीसारखा पैलतीराला लागावा, असा!

मामा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे मामा. सारी हयात रेल्वेत फिटर म्हणून काढली आणि आता दौंडला घरी बसले आहेत. बसले आहेत म्हणतो, पण ते बसलेले मी तरी पाहिलेले नाहीत. त्यांच्या वडिलांनी कधी काळी लिलावात घेतलेली एक लष्करी जीप अंगणात गंजत पडली होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षे खपून मामांनी ती चालू केली. हिरवा रंग दिला, गाद्या शिवून घेतल्या. आता गल्लीत लग्न निघाले की नवरदेवाला घोड्याऐवजी मामांची जीप लागते.

मी शिरूरला कॉलेजात मराठी शिकवतो. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. घोड नदी वळसे घेत शेवटी भीमेलाच जाऊन मिळते, तसाच मीही सणावाराला दौंडला जाऊन मिळतो. गेल्या भाऊबीजेला फराळाचे ताट समोर येते न येते तोच मामांनी कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला.

"जावईबापू, एवढं मराठीत करून द्या. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, मला यंत्र वाचता येतं. दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो."

ती होती त्या ट्रकच्या देखभालीची अमेरिकन पुस्तिका, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. भाच्याने कुठून तरी मिळवून छापून आणलेली. चकली हातात घेऊन मी वाचू लागलो आणि वाचकहो, खरे सांगतो, चकली हातातच राहिली.

ह्या गाडीचे नाव चार अक्षरांचे : डी, यू, के, डब्ल्यू. जनरल मोटर्स कंपनीची ही सांकेतिक अक्षरे. 'डी' म्हणजे १९४२ सालची रचना, 'यू' म्हणजे पाण्यात चालणारी, 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागे जोराचे दोन आस. शिपायांनी ह्या अक्षरांचे सरळ 'डक' करून टाकले. डक म्हणजे बदक. अडीच टन माल वाहणारा नेहमीचा सहा चाकी ट्रक घ्यायचा आणि त्याला पोलादी पत्र्याच्या होडीत बसवायचे, ही मूळ कल्पना. होडीचा आकार ठरवायला शर्यतीच्या शिडाच्या नौका आखणारे रॉड स्टीफन्स होते. रस्त्यावर ताशी ५० मैल, पाण्यात जेमतेम सहा. वाळूवर चाके रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा चालकाला बसल्या जागेवरून कमीजास्त करता येई.

लष्करातल्या बड्या मंडळींना हे बदक प्रथम पसंत नव्हते. पुढे १९४२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक बोट वादळात वाळूच्या बांधावर अडकली. दुसरी बोट जवळ जाईना. चाचणीसाठी तिथे आणलेले हे बदक लाटांत शिरले आणि बोटीवरच्या सातही जणांना घेऊन परतले. मग कोण नाही म्हणतो? युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे २१ हजार गाड्या तयार झाल्या. १९४३ साली सिसिलीत, १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी जहाजातला माल थेट वाळूवर नेऊन टाकला.

"आपल्याकडं काय होतं मग?" मामांनी विचारले.

आपल्याकडे, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकवासल्याच्या जलाशयाकाठी त्या युद्धात सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देत. त्यासाठी काठावर एक खोटे जहाजही उभारले होते. पुढे प्रबोधिनीसाठी जागा निवडताना हे जुने शिक्षणकेंद्रही विचारात घेतले गेले आणि १९४९ साली तिथेच प्रबोधिनीची पायाभरणी झाली. हे ऐकल्यावर मामांना आपला छंद जवळजवळ राष्ट्रकार्यच वाटू लागला.

मग दोन दिवस मी वाचत होतो आणि मामा प्रश्न विचारत होते. होडीला भोक नसणे हे होडीचे पहिले लक्षण. ह्या गाडीला मात्र भोके मुद्दाम पाडलेली. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत न्यायचा तर दांडे पत्र्यातून बाहेर काढावेच लागतात. पाण्यातल्या पंख्याचा दांडा आणखी वेगळा. जिथे दांडा बाहेर पडतो तिथे रबराची टोपी आणि ती आवळून धरणारी पट्टी. तळाला पाणी काढून टाकण्याची बुचे : नदीत उतरण्यापूर्वी घट्ट लावायची, बाहेर आल्यावर काढायची. आत शिरलेले पाणी उपसायला पंप. पत्र्याला दोन इंच व्यासाचे भोक पडले तरी गाडी तरंगत राहील एवढी त्या पंपांची ताकद. पण हे पंप चालतात इंजिनावर. इंजिन बंद पडले की उपसाही बंद. आणि पाण्यातून बाहेर आले की विश्रांती नाही : चाकांच्या बेअरिंगांत पाणी शिरले का पाहा, ग्रीस भरा, खारे पाणी असेल तर सारी गाडी गोड्या पाण्याने धुवा.

"म्हणजे एक तास पाण्यात नि चार तास ग्रीसमध्ये," मामी म्हणाल्या. त्यांचे गणित नेहमीच बरोबर असते.

मामांचा उत्साह उलट वाढला. अमेरिकेत, इंग्लंडात लोकांनी ह्या जुन्या गाड्या घरच्या शेडमध्ये पुन्हा उभ्या केल्या आहेत, हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन डेल्स येथे तर १९४६ पासून पर्यटकांना त्यांतून फिरवतात. "एक मिळू दे फक्त. नातवंडांना घालून उजनीच्या पाण्यात नेतो." नातवंडांनी एकच गिल्ला केला. छोटीने तर आपली बसायची जागाही मुक्रर करून टाकली.

तिसऱ्या दिवशी त्या गठ्ठ्याच्या तळाशी निराळेच कागद निघाले. ते एका चौकशी अहवालातले होते. १ मे १९९९ रोजी अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी 'मिस मॅजेस्टिक' नावाचे असेच एक बदक पर्यटकांना घेऊन तलावात उतरले. काही मिनिटांत ते एका बाजूला कलले आणि पाहता पाहता तळाशी गेले. २१ जणांपैकी १३ जण दगावले. कारण? मागच्या दांड्यावरची ती रबरी टोपी. तिची पट्टी नीट आवळलेली नव्हती. टोपी सुटली आणि पाणी आत आले. वर उन्हासाठी ताणलेले कापडी छत होते. गाडी बुडाली तेव्हा माणसे त्या छताखालीच अडकली.

मी वाचून थांबलो. मामा म्हणाले, "ती पट्टीची ओळ पुन्हा वाचा."

मी वाचली. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावली.

वाहतूक सुरक्षा मंडळाने तेव्हाच सांगितले होते की, पाणी भरले तरी तरंगत राहील अशी सोय ह्या गाड्यांना करा. नाही तर निदान छत काढा. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरी राज्यातल्या ब्रॅन्सनजवळ वादळाचा इशारा मिळाला असताना छतासकट असेच एक बदक पाण्यात उतरले आणि ३१ पैकी १७ माणसे गेली. अमेरिका लांब राहिली. २१ मे २०२४ रोजी आपल्या उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली साधी होडी अचानक सुटलेल्या वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले, हे दौंडच्या माणसाला मी सांगायला नको होते.

मामा काही बोलले नाहीत. उठले आणि अंगणात गेले. जरा वेळाने पाहतो तो स्वारी जीपखाली आडवी! तासाभराने बाहेर आले ते हातात रबराची एक वीतभर नळी घेऊन. पुढच्या चाकाच्या ब्रेकची नळी. दुमडली की तिच्या अंगावर बारीक भेगा दिसत होत्या.

"रंग दिला, गाद्या शिवल्या," मामा म्हणाले. "ही मात्र दोन वर्षांत बघितली नाही. आणि परवाच्या वरातीत हिच्यावर नवरदेव नि आठ पोरं होती, जावईबापू. छोटीसुद्धा होती."

आतून छोटीचे हसणे ऐकू येत होते. आम्ही दोघेही त्या नळीकडे पाहत उभे राहिलो.

अनुवाद करताना 'मेंटेनन्स' ह्या शब्दाशी मी अडलो होतो. 'दुरुस्ती' नव्हे, दुरुस्ती बिघडल्यावर करतात. अखेर मी आपला जुना शब्द घेतला : निगा. जुनी गाडी नवी करणे हा सण आहे. त्याला रंग आहे, पेढे आहेत, फोटो आहेत. निगा म्हणजे सण नसलेले उरलेले दिवस. तिचा कोणी फोटो काढत नाही. म्हातारी माणसे, घराची कौले आणि गॅसची नळी, सगळ्यांचे असेच आहे. दिवाळीत आपण घराला रंग देतो आणि गॅसची नळी किती वर्षांची ते पाहत नाही. मी शिरूरला परतल्यावर पाहिली. किती वर्षांची निघाली ते सौभाग्यवतींच्या आग्रहावरून येथे सांगत नाही. बदलली, एवढे पुरे.

पाणगाडीचे काय झाले, असे विचाराल. मामांचा शोध अजून चालू आहे. मिळाली तर उभी करायची, चालवायची ती रस्त्यावर. पाण्यात न्यायची झाली तर छत काढून, काठाकाठाने, आणि पोरांना काठावर ठेवून, असा ठराव झाला आहे. छोटीने ठरावाविरुद्ध मत दिले आहे. दरम्यान जीपच्या काचेवर आतून माझ्या अक्षरातला एक कागद चिकटवला आहे. वर लिहिले आहे 'निगा' आणि खाली अकरा कलमे. वरात असली की आदल्या रात्री मामा जीपखाली शिरतात. मी तिथे असलो तर कलमे मोठ्याने वाचायचे काम माझे. ते खालून "हां" म्हटल्याशिवाय पुढचे कलम वाचायचे नाही, असा नियम आहे.

यंदाच्या भाऊबीजेला मला फराळाच्या आधी बोलावले आहे.