मुदत संपली, म्हणजे नेमकं काय झालं?

निपाणी गाव ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिरलं, की माणूस कर्नाटकातून महाराष्ट्रात आलेला असतो. तिथला खेळाडू शिवाजी विद्यापीठाच्या चाचणीला कोल्हापूरला जातो, आणि निवड झाली तर पश्चिम विभागात खेळतो. गावातल्याच बागेवाडी कॉलेजचा त्याचा मित्र राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून दक्षिण विभागात जातो. एका टपरीवर चहा पिणाऱ्या दोन पोरांचे रस्ते असे वेगळे झाले, तरी एक गोष्ट रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. इथे मानधनावरच्या प्रशिक्षकाला कुणी काढत नाही, त्याची मुदत संपते. तिकडे तासिका तत्त्व, इकडे ‘गेस्ट’, एवढाच शब्दांचा फरक. वर्ष संपलं की नेमणूक गळून पडते, आणि नव्या सत्रात सर मैदानावर दिसले नाहीत की ते गेले असं पोरांनी समजून घ्यायचं. मधे काही भांडण झालं असेल, तर तेही याच दोन शब्दांखाली पुरलं जातं. वादानंतर संघ सावरला नाही, की आपण गेलेल्या सरांच्या गुणदोषांची चर्चा करतो. मला वाटतं, सर का गेले हे संघाला कुणी सांगितलं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

‘मुदत संपली’ ही युक्ती काही आपल्या कॉलेजांनी शोधलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अँटिग्वात महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत इंग्लंडसमोर ११२ धावांत गारद झाला आणि आठ गडी राखून हरला. आधी पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं केलेली मिताली राज त्या दिवशी संघाबाहेर बसली होती. मग तिचं क्रिकेट मंडळाला लिहिलेलं पत्र फुटलं, प्रशिक्षक रमेश पोवार यांचा तिच्यावर ठपका ठेवणारा अहवालही फुटला. कर्णधार हरमनप्रीत कौर आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना यांनी पोवारच हवेत म्हणून मंडळाला लिहिलं. कारभार पाहणाऱ्या प्रशासकीय समितीत दोनच सदस्य, विनोद राय आणि डायना एडुलजी. त्यांचंही एकमत होईना. एवढा गदारोळ माजला, पण पोवारांना काढलं असं कागदावर कुठेच आलं नाही. त्यांचा तात्पुरता करार ३० नोव्हेंबरला संपत होता, तो संपू दिला आणि डिसेंबरात डब्ल्यू. व्ही. रामन आले. मिताली चुकली की पोवार, संघनिवडीत प्रशिक्षकाचा शब्द कुठवर चालायचा, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मंडळाने दिलं नाही.

संघ पुढे गेला. रामन यांच्या हाताखाली ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरला, आणि समोर ८६,१७४ प्रेक्षक असताना ऑस्ट्रेलियाकडून ८५ धावांनी हरला. मग कारण सांगितलं नाही म्हणून अडलं काय, असं कुणीही विचारील. अडलं ते पुढच्या वळणावर. मे २०२१ मध्ये रामन गेले आणि पुन्हा पोवारच आले. एकदिवसीय संघाची कर्णधार तेव्हा मितालीच होती. २०१८ मध्ये ज्यांनी एकमेकांविरुद्ध लिहून दिलं, ते दोघे २०२२ च्या विश्वचषकात एकाच पॅव्हेलियनमध्ये बसले, आणि भारत साखळीतच बाहेर पडला. त्या पराभवाचं खापर जुन्या भांडणावर फोडणं अन्यायाचं होईल; निर्णायक सामन्यातल्या शेवटच्या षटकातला नो-बॉल काही २०१८ मध्ये पडला नव्हता. पण एक दिसतं. पोवारांना जाऊ देणं बरोबर असेल तर परत का आणलं, आणि परत आणणं बरोबर असेल तर जाऊ का दिलं, हे मंडळाला पटवून देता येत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये पोवारांची रवानगी राष्ट्रीय अकादमीत झाली आणि पुन्हा जागा रिकामी पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल मुझुमदार येईपर्यंत संघाला कायमचा मुख्य प्रशिक्षक नव्हता. त्याच मुझुमदारांचा संघ २०२५ च्या विश्वचषकात लागोपाठ तीन सामने हरला. कुणी त्यांना हलवलं नाही. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत चषक हाती आला.

कॉलेजचंच उदाहरण हवं तर अमेरिकेतलं घ्यावं लागेल, कारण तिथे कॉलेजचा प्रशिक्षक हे मोठं प्रस्थ असतं. इंडियाना विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट याने तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणलेली. माणूस तापट, रागाच्या भरात मैदानावर खुर्ची भिरकावणारा. मे २००० मध्ये अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी त्याला अखेरची ताकीद दिली आणि सप्टेंबरात एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याचं प्रकरण झाल्यावर काढलं. हजारो विद्यार्थी अध्यक्षांच्या घरावर चालून गेले, खेळाडू सोडून जाण्याची भाषा करू लागले. पण ब्रँड यांनी उघड पत्रकार परिषदेत कारण सांगितलं, आणि नाइटच्या हाताखालच्या माइक डेव्हिसकडे संघ सोपवला. बहुतेक त्याच पोरांनी एप्रिल २००२ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. सगळं गोड झालं असं नाही. नाइटने त्या मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं ते थेट फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे गाव आणि गुरू यांचा अबोला जवळजवळ वीस वर्षं चालला. संघ मात्र दीड वर्षात उभा राहिला. अध्यक्ष चूक की बरोबर यावर वाद घालता आला, कारण वाद घालायला समोर काहीतरी ठेवलेलं होतं.

आता आपल्याकडे या. कारण न सांगण्याची किंमत बेळगावात आणि निपाणीत जरा जास्तच पडते, कारण रिकामी जागा भरायला इथे तयार उत्तरं पडून आहेत. सर मराठी म्हणून गेले का? कन्नड म्हणून गेले का? संचालक मंडळातल्या कुठल्या गटाचे होते? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ज्या भागात दुकानाच्या पाटीवरूनही वाद पेटतो, तिथे संस्थेचं मौन मौन राहत नाही, चौकात त्याचं भाषांतर होतं. खरं कारण कदाचित साधं असेल, सरावाच्या वेळेवरून प्राचार्यांशी बिनसलं किंवा प्रवासभत्त्याचा हिशेब जुळला नाही. पण आठवडाभरात कबड्डीच्या सातजणांत दोन तट पडलेले असतात, आणि नव्या सरांकडे कुठल्या तटाचे म्हणून आधी पाहिलं जातं, त्यांच्या चढाईच्या धड्यांकडे नंतर.

यावर संस्थाचालकांचं उत्तर ठरलेलं असतं: कारण जाहीर केलं तर त्या माणसाची बदनामी होते, उद्या तो कोर्टात जातो. मुद्दा खोटा नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव बाहेर येऊ नये हे कायदाच सांगतो, आणि त्यासाठी कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. पण तपशील झाकणं वेगळं आणि कारणच झाकणं वेगळं. वर्तनाची तक्रार होती, ती समितीपुढे गेली, निर्णय झाला, एवढं बोलायला वकील लागत नाही. आणि बदनामीचं म्हणाल, तर चौकातल्या कुजबुजीने ती आधीच झालेली असते. तिथे त्या माणसाला बाजू मांडायचीही सोय नसते. दुसरा आक्षेप असा, की खेळाडूंना विचारत बसलं तर प्रशिक्षक पोरांच्या मर्जीवर राहील. हे मला मान्य आहे. २०१८ मध्ये तीच गफलत झाली, नियम नव्हता म्हणून पत्रांची मतमोजणी सुरू झाली. नेमणूक आणि हकालपट्टी खेळाडूंच्या हाती नकोच. त्यांना कळवणं आणि त्यांची परवानगी घेणं, या दोन गोष्टी आपण उगाच एक करतो.

शिवाय कॉलेजच्या खेळाडूकडे हंगाम किती? पदवीची तीन वर्षं म्हणजे तीन. राष्ट्रीय संघाला सात वर्षं चाचपडायची चैन परवडली. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीचा एक हंगाम ‘पाहू, नवे सर येतील’ यात गेला, की उरतो एक. जिमखान्याच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे हेच ठाऊक नसल्याने जाळं गुंडाळलेलंच राहतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्र नोटीस बोर्डावर लागतं, प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही होते, आणि शेजारचा फिजिकल डायरेक्टरचा रकाना कोरा असतो. शेवटच्या तारखेला तिथे एखादे वाणिज्य शाखेचे सर सही करून मोकळे होतात. आधीचे सर कुठे गेले असं पोरींनी विचारलं, की त्यांनाही एवढंच सांगता येतं: मुदत संपली.