चक्रमांचा कैवार

आमच्या परिचयाच्या एका विद्यालयांत कांहीं विद्यार्थ्यांनीं १४ मार्च हा ‘पाय’चा दिवस म्हणून साजरा करण्याची परवानगी मागितली. उत्तर आलें, “असला चक्रमपणा विद्यामंदिरांत नको.” उत्तर देणारे गृहस्थ स्वतः गणिताचे पदवीधर आहेत, म्हणूनच चार शब्द लिहिणें प्राप्त झालें.

परीघ व व्यास यांच्या या गुणोत्तराचें मूल्य ३.१४ पासून सुरू होतें, आणि अमेरिकेंत तारखेंत महिना आधीं लिहितात, म्हणून ३/१४. १९८८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयांतील लॅरी शॉ या पदार्थविज्ञानवेत्त्यानें हें खूळ काढलें. त्यानें केलें काय? माणसें जमविलीं, एका वर्तुळाकार जागेंत फेऱ्या मारल्या आणि फळांचे ‘पाय’ खाल्ले! (तिकडे या नांवाचें एक पक्वान्न आहे.) त्या एवढ्याशा वेडाची दखल २००९ सालीं अमेरिकन प्रतिनिधिसभेनें ठराव करून घेतली, आणि २०१९ सालीं युनेस्कोनें तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणितदिन ठरविला. ठराव झाला म्हणून दिवस चालला नाहीं. दिवस चालला म्हणून ठराव झाला. आमच्याकडे क्रम उलटा. आधीं परिपत्रक, मग हार, मग अध्यक्षांचें भाषण, आणि मागच्या बाकांवर जांभया देणारीं मुलें!

चक्रम माणसें घातकही असतात, असा आक्षेप घेतील. १८९७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत गुडविन नांवाच्या डॉक्टरानें वर्तुळाचा चौरस केल्याचा दावा कायद्यांत घालण्यासाठीं विधेयक आणविलें. त्याच्या हिशेबानें ‘पाय’ ३.२ ठरत होता. हा चक्रमच, कबूल. परंतु कनिष्ठ सभागृहांत त्याच्या बाजूनें ६७ मतें पडलीं, विरुद्ध एकही नाहीं! हीं मतें काय चक्रमांचीं होतीं? तीं होतीं गंभीर चेहऱ्याच्या, मानमरातबाच्या सभासदांचीं. वॉल्डो हे गणिताचे प्राध्यापक योगायोगानें तेथें आले, म्हणून वरिष्ठ सभागृहांत तें विधेयक हंसण्यावारीं जाऊन बेमुदत तहकूब झालें. आपल्या वेडावर कायद्याचा शिक्का मागणारा आणि चार माणसांना हौसेनें आपल्या वेडांत ओढणारा, या दोघांना एका मापानें मोजणें हा अन्याय आहे. शॉनें सक्ती कोणावर केली?

आणि हें वेड परकीय म्हणावें, तर आमच्या तारखेच्या रीतीप्रमाणें २२ जुलै म्हणजे २२/७ होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतींत व्यवहारासाठीं हाच अपूर्णांक दिला आहे, सूक्ष्म कामासाठीं ३९२७/१२५०. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. इतकें सारें घरांत असतांना आमचा एखादा चक्रम त्या दिवशीं मुलांना बैलगाडीचें चाक आणि दोरी देऊन मैदानावर कां नेत नाहीं?

परवानगी न मिळालेल्या त्या मुलांनीं विद्यालयामागील विहिरीचा कठडाच दोरीनें मोजला, असें ऐकतों. उत्तर ३.२ च्या जवळ आलें! दोष दोरीच्या ताणाचा कीं कठड्याच्या वांकडेपणाचा, यावर त्यांचा वाद अजून चालू आहे.