झाडाला तहान लागली कसं कळतं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातलं ऑर्किड गेलं. फॅलेनॉप्सिस जातीचं, फुलपाखरासारखी फुलं येणारं. त्याला मारलं कुणी? आम्हीच, लाडानं! थंडीत पानं मलूल दिसली, की जो तो तांब्याभर पाणी ओतायचा. मीही अडवलं नाही. शेवटी कुंडीतून काढलं, तर मुळं काळी, लिबलिबीत! कुजलेली मुळं पाणी शोषणार कशी? म्हणून पानं आणखीच सुकत होती.

हे झाड मूळचं जंगलात दुसऱ्या झाडाच्या खोडावर राहणारं, आपल्या सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीसारखं. पण ते बांडगूळ नव्हे हं! खोडाचा फक्त आधार घेतं. त्याच्या मुळांना पाणी हवं, तसा वाराही हवा. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असलं की रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. म्हणजे तहान लागली की झाड सांगतंच!

तेव्हा थंडीत एवढं करा. मुळं रुपेरी झाली की सकाळी पाणी घाला आणि सगळं निथळू द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसानं टिपा, नाहीतर शेंडा कुजतो. हवा कोरडी असेल तर ताटलीत खडे आणि थोडं पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवा. तिचा तळ मात्र पाण्याला लागू नये. पारा १५ अंशांखाली उतरू लागला, की रात्री कुंडी खिडकीपासून दूर.

वर्गात आता नवं ऑर्किड आलंय. पाणी घालण्याआधी प्रत्येक जण वाकून मुळं बघतो. तुम्हीही बघाल ना?