बायोप्सीची भीती आणि निदानातील दिरंगाई

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी ‘डे केअर’ केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केली. केमोथेरपीसाठी रुग्णांना महानगरांत खेटे घालावे लागू नयेत, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु उपचारांआधी निदान व्हावे लागते आणि स्तनाच्या कर्करोगाचे निश्चित निदान बायोप्सीवाचून होत नाही. नेमक्या याच टप्प्यावर अनेक स्त्रिया कचरतात.

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२मध्ये देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, तर सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. रोग उशिरा उघडकीस येणे हे यामागील एक प्रमुख कारण आहे.

‘गाठीला सुई टोचली की कर्करोग पसरतो’ हा समज आजही दृढ आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. त्याचप्रमाणे, बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोगच, असेही नाही. तपासणीअंती फायब्रोअ‍ॅडेनोमासारख्या निरुपद्रवी गाठीही आढळतात.

प्रत्यक्षात ‘कोअर’ बायोप्सीसाठी सहसा रुग्णालयात राहावे लागत नाही. तेवढाच भाग बधिर करून, बहुधा सोनोग्राफीच्या साहाय्याने, जाड सुईने गाठीचे काही बारीक तुकडे घेतले जातात. भुलीच्या इंजेक्शनची चुणचुण होते; नंतर दाब जाणवतो आणि प्रत्येक वेळी उपकरणाचा ‘खट्’ असा आवाज येतो. हा आवाज होणार हे आधी सांगितले, तर दचकण्याचे कारण उरत नाही. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना पूर्वकल्पना द्यावी. ती परस्पर बंद करू नयेत.

नंतर काही मिनिटे जागा दाबून धरतात व पट्टी लावतात. काही दिवस थोडे दुखणे, काळेनिळे होणे स्वाभाविक आहे. बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी पुरेशी ठरते. किमान एक दिवस जड वजन उचलू नये. मात्र रक्तस्राव न थांबणे, सूज वाढत जाणे, ताप वा पू ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

खरी कसोटी असते ती अहवालाच्या प्रतीक्षेची. तो येण्यास काही दिवस लागतात. कर्करोग आढळल्यास ‘ईआर’, ‘पीआर’ व ‘हर-२’ या चाचण्यांसाठी आणखी काही दिवस जातात. पण उपचारांची दिशा त्यांवरच ठरते. म्हणूनच बायोप्सी न करता ‘आधी गाठ काढून टाकू, मग पाहू’ असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हिताचे. घाईने गाठ काढल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते.

केंद्रे उभी राहतीलही; परंतु तालुक्यातील स्त्रीला बायोप्सी कोठे होईल, अहवाल केव्हा मिळेल आणि तो समजावून कोण सांगेल, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळायला हवीत. अन्यथा उपचार घराजवळ येऊनही रुग्ण मात्र तेथे उशिराच पोहोचतील.