नावातली मान्यता कागदावर कधी?

मंडळी, येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्यायचा आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणालात तर ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यातल्या बऱ्याच जणी घरी बसलेल्या असतील. म्हणून ही घाई.

आशा स्वयंसेविकांबद्दल बोलते आहे. ‘आशा’ हे कुणा बाईचे नाव नाही, इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेला शब्द आहे. त्याचा अर्थ मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती. पहिलाच शब्द ‘मान्यताप्राप्त’! २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई नेमायचे ठरले. ती गावातलीच, शक्यतो गावची सून, म्हणजे लग्न होऊन निघून जाणार नाही अशी. आज देशात त्या दहा लाखांच्या घरात आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांवर. पहिल्या काही वर्षांत ज्या पस्तीस-चाळिशीच्या होत्या, त्या आता साठीला टेकल्या आहेत. वय झाले की त्या थांबतील. पण वीस वर्षे आपण काय केले, आपल्याला काय येते, हे सांगणारा धड एक कागद त्यांच्याजवळ नसेल.

मी तालुक्याच्या ठिकाणी बरीच वर्षे आशांची प्रशिक्षणे घेतली. आता निवृत्त आहे. त्यामुळे ‘काय येते’ म्हणजे नेमके काय, ते सांगू शकते.

एकदा पावसाळ्यात एका आशाताईबरोबर गृहभेटीला गेले होते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आलेली, बाळाचा सातवा दिवस. दवाखान्यात बाळंतपण झाले की तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी आशाने घरी जाऊन बाळ बघायचे असते. ताईने बांगड्या कोपराकडे सरकवल्या, साबणाने हात धुतले आणि पदराला न पुसता हवेत धरून वाळवले. (नव्या मुली इथेच चुकतात.) थर्मामीटर काखेत लावला. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेतले. मग दुपटे बाजूला केले, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरले आणि ती गप्प झाली. बाजूला आजी बोलत होती, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिनिटभराने ताई म्हणाली, “चौसष्ट.” पुन्हा मोजले. सहासष्ट. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरला तर तो धोका असतो, आणि एकदा मोजून भागत नाही, खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजावे लागते. आजीचे म्हणणे, पोरगं नुसतं झोपाळू आहे, घुटी दिली की उठेल. ताईने आजीशी वाद घातला नाही. “घुटी आल्यावर देऊ, आधी डॉक्टरला दाखवून येऊ,” म्हणत तिने रुग्णवाहिकेसाठी १०२ला फोन लावला, बाळाला आईच्या छातीशी गुंडाळले आणि स्वतः गाडीत बसली. तो मुलगा आता चौथीत आहे.

त्या दिवशीच्या निर्णयाला आशाच्या मोबदल्याच्या क्लेम फॉर्मात रकाना नाही. फॉर्मात ती सहातली एक भेट. सहाही पूर्ण झाल्या की २५० रुपये, म्हणजे भेटीमागे ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

हे कौशल्य दिल्लीहून आलेले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आजच्या गृहभेटींची मुळे तिथे आहेत. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभ्या केल्या होत्या. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. महाराष्ट्राने जगाला शिकवलेली ही गोष्ट आहे, आणि महाराष्ट्रातच ती करणाऱ्या बाईला विचारले जाते, “तुमची पात्रता काय?”

हा प्रश्न मी कानांनी ऐकला आहे. आमच्या भागातली एक आशा, चौदा वर्षे काम केलेली, घरची अडचण म्हणून एका खासगी रुग्णालयात आयाबाईच्या वरच्या एखाद्या कामासाठी विचारायला गेली. सोबत मी होते. काउंटरवरच्या तरुणाने विचारले, नर्सिंग झालंय? नाही. बारावी? नाही. मग काय येतं? ताई माझ्याकडे बघायला लागली. तिला श्वास मोजता येतो, कमी वजनाचे बाळ उबेत ठेवता येते, क्षयाच्या रुग्णाला सहा महिने गोळ्यांवर टिकवता येते, गरोदर बाईच्या पायावरची सूज बघून रक्तदाब तपासायला पाठवता येते. पण “काय येतं” याला उत्तर म्हणून तिने पिशवीतून काय काढले? प्रशिक्षणांच्या हजेरीची दोन-तीन प्रमाणपत्रे आणि कोविडातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळचे ओळखपत्र, ज्यावरचा फोटो पुसट झाला होता. तरुणाने ते बघितले आणि सौजन्याने परत केले. त्याचा दोष नाही. त्याला वाचता येईल असा कागदच आपण तयार केलेला नाही.

कुणी म्हणेल, आशांसाठी परीक्षा आहे की. आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांचे प्रमाणीकरण करण्याची योजना केंद्राने आखली, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. पण ती सगळ्या जणींपर्यंत पोचलेली नाही. पोचली तिथेही त्या प्रमाणपत्राला वजन किती, ते नोकरीच्या जाहिराती वाचल्या की कळते. गवंड्याच्या, प्लंबरच्या हातात आधीपासून असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्याला शिक्षणाच्या वाटेने प्रमाणपत्र मिळते, तसे केलेल्या कामाचा अनुभव दाखवूनही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रशिक्षण पुरे केलेल्या कार्यकर्त्यांना क्षमतेवर आधारित औपचारिक प्रमाणपत्र द्यावे. त्याच सूचनांत असेही आहे की त्यांचा मोबदला सर्वस्वी किंवा मुख्यतः कामागणिक ठरवू नये. याच संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या सगळ्या आशांचा मिळून गौरव केला. गावोगाव टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आले. दहा लाख जणींना मिळून एक पुरस्कार, आणि एकेकीच्या ट्रंकेत हजेरीची प्रमाणपत्रे!

पैशाचे बोलणे टाळणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरात आशा आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, २०२४च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याने आशांचा मोबदला ५,००० रुपयांनी वाढवला. शब्द बघा, मोबदला. पगार नव्हे, वेतन नव्हे, कारण कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. २०१३च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांतल्या अशा बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आशा अजून दाराबाहेर आहेत. काही ताई मला स्पष्ट म्हणाल्या, “मॅडम, सर्टिफिकेटने पोट भरत नाही.” खरे आहे. पण जिचे काम कौशल्याचे आहे असे कुठेच लिहिलेले नाही, तिला ‘सेवाभावी’ म्हणून थोडक्यात भागवणे फार सोपे जाते.

इथे एक धोका आहे, आणि त्याबद्दल माझे मत पक्के आहे. प्रमाणपत्राची मागणी करताना ‘दहावी पास’ची अट मागच्या दाराने आत येते. आधी आठवीवर घेतलेल्या बायकांना आता परीक्षेच्या नावाने बाहेर काढायचे असेल, तर हे आवाहन मी आत्ताच मागे घेते. परीक्षा हाताची घ्या. बाळ समोर ठेवा, घड्याळ द्या, मोजायला सांगा. तोंडी विचारा, मराठीत विचारा, मेळघाटात कोरकूत विचारा, गडचिरोलीत गोंडीत विचारा. मोबाइलवर ऑनलाइन प्रश्नपत्रिका टाकून आरोग्य कार्यकर्ती तपासता येत नाही. तशाने फक्त तिच्या घरात शिकलेला मुलगा आहे की नाही एवढे समजते.

आता तुम्ही काय करायचे ते.

ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (तुमच्या तोंडी अजून ग्रामसेवकच असेल) विषय लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेत येईल. “ऐनवेळचे विषय” यात ढकलू देऊ नका. तिथले विषय जेवणाच्या वेळेला निघतात. ठरावात आशाताईचे पूर्ण नाव, नेमणुकीचे वर्ष आणि पुऱ्या केलेल्या प्रशिक्षणांची यादी असू द्या. त्याखाली तीन मागण्या: सर्व आशांची प्रात्यक्षिक परीक्षा स्थानिक भाषेत, विनाशुल्क आणि शिक्षणाची नवी अट न घालता घ्यावी; मिळणारे प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या भरतीत आणि नर्सिंगच्या प्रवेशात ग्राह्य धरावे (काही राज्यांनी प्रवेशात आशांना प्राधान्य दिलेलेच आहे); आणि वयामुळे थांबणाऱ्या ताईला शेवटच्या दिवशी सेवेचा सविस्तर दाखला हातात द्यावा. गटप्रवर्तकांची नावे विसरू नका. पंधरा-वीस गावांच्या आशांना सांभाळणाऱ्या या बाया पदवी घेतलेल्या आहेत आणि त्यांचीही नोकरी कायम नाही. शहरात राहत असाल तर हेच निवेदन वॉर्डातल्या सह्या घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्या.

ज्यांच्या घरी आशाताई येऊन गेली आहे त्यांनी अर्धे पान लिहून द्या. भाषा घरचीच असू द्या. कधी आली, काय बघितले, कुठे घेऊन गेली. कोविडात कुणाच्या दारात उभी राहिली, तेही. खाली सही आणि तारीख.

आणि आशाताईंनो, तुम्हाला एक हात जोडून सांगणे आहे. जुन्या डायऱ्या आणि नोंदवह्या रद्दीत घालू नका. त्यात गावातल्या प्रत्येक बाळाचे पहिले वजन तुमच्या अक्षरात लिहिलेले आहे. प्रशिक्षणाच्या पत्रांची झेरॉक्स काढा, एक संच माहेरी किंवा शेजारणीकडे ठेवा. घर गळते, उंदीर असतात, सगळे मला माहीत आहे.

ठरावाची नक्कल तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आपले आमदार या तिघांना द्या. टपालाने पाठवू नका. चार-पाच जण मिळून जा, त्यात ताईने वाचवलेल्या बाळाची आई असेल तर उत्तम. टेबलावरचा माणूस म्हणेल, ठेवून जा. ठेवू नका. आवक क्रमांक घाला म्हणावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, आणि तारीख नीट उमटली आहे ना ते तिथेच उजेडात धरून बघा.